टीम चारचं काय बिनसलं होतं: ऑनलाइन वर्गातलं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या स्वतःच्या कोर्समधलं आहे. नावं, युनिव्हर्सिटी, वर्ष यातलं काही लिहीत नाहीये आणि कोणी ओळखू येईल असे तपशील थोडे बदललेत, बाकी जे झालं ते झालं तसं सांगते. ऑनलाइन शिकवणाऱ्या कोणाशीही बोला, ग्रुपवर्कचा विषय निघाला की पहिलं वाक्य हेच येतं, "एक जण मरमर काम करतो आणि बाकीचे नाव लावून मोकळे होतात." मीही बरीच वर्षं हेच म्हणत होते. टीम चारमुळे ते म्हणणं सुटलं, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

कोर्स होता संख्याशास्त्राची ओळख, मास्टर्सचं पहिलं सेमिस्टर, पूर्ण ऑनलाइन, १४ आठवडे. ४८ विद्यार्थी, आठ टीम, एकेका टीममध्ये सहा जण. विद्यार्थी म्हटलं तरी त्यातले निम्मे नोकरी करणारे, काहींना लहान मुलं, दोघं-तिघं वेगळ्या टाइम झोनमध्ये. टीम मी बनवल्या नव्हत्या, सिस्टिमने आडनावाच्या अक्षरांवरून पाडल्या होत्या आणि मी त्या तशाच राहू दिल्या, कारण पहिल्या आठवड्यात हजार कामं असतात आणि टीम कोणत्या का असेनात, काम तर करायचंच आहे असं तेव्हा वाटायचं.

पहिली टीम असाइनमेंट २० मार्कांची. ओपीडीत पेशंटना किती वेळ थांबावं लागतं याचा मीच तयार केलेला डेटा, त्यावर १२ पानी रिपोर्ट, सहा जणांनी मिळून, मुदत तीन आठवडे. पाचव्या आठवड्यात रिपोर्ट जमा झाले आणि त्याच रात्री पावणेबाराला टीम चारमधल्या एका मुलाचा मेसेज आला.

"मॅडम, मला प्लीज दुसरी टीम द्या नाहीतर एकट्याला करू द्या. रिपोर्टवर सहा नावं आहेत पण काम मी एकट्याने केलंय. सगळ्यांना फोन करून करून थकलो."

हा मुलगा वर्गातला सगळ्यात हुशार म्हणावा असा, कोडिंग येणारा, प्रश्न विचारला की पहिलं उत्तर त्याचं. त्यामुळे माझा लगेच विश्वास बसला. एका सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तोडून टाक ती टीम, त्याला हुशार मुलांच्यात टाक, विषय संपला." मी "ठीक आहे, बदलून देते" असं उत्तर अर्धं टाइपही केलं होतं. पाठवायच्या आधी, का कोण जाणे, त्यांचं गुगल डॉक उघडलं आणि व्हर्जन हिस्टरी, म्हणजे कोणी कधी काय लिहिलं-पुसलं त्याची नोंद, बघत बसले, आणि मग तासभर तिथून उठलेच नाही.

पहिले १६ दिवस डॉकमध्ये फक्त एक टेबल होतं, "कोण काय करणार". मुद्दा एक हा, मुद्दा दोन ती, असं सहा ओळींचं. मग एका मंगळवारी दुपारी एकीने तिचा भाग टाकलेला, दीड पान, फोनवरून टाइप केलेलं सहज कळत होतं, ओळी मध्येच तुटलेल्या. मग गुरुवारी अजून एक भाग. मग शेवटच्या रात्री पावणेअकरापासून सव्वादोनपर्यंत एकाच माणसाच्या नावाचा रंग, वरून खालपर्यंत. त्याने मंगळवारचं दीड पान सरळ डिलीट केलं होतं आणि स्वतःचं लिहिलं होतं. विचारलं नव्हतं, कॉमेंट नव्हती, काही नाही. म्हणजे काम त्यानेच केलं हे खरं होतं, आणि दुसऱ्याचं काम त्यानेच पुसलं हेही तितकंच खरं.

मग रिपोर्ट नीट वाचला. तिसऱ्या पानावर लिहिलंय की डेटा एका बाजूला ओढला गेलाय, थोड्या पेशंटना चार-चार तास थांबावं लागलंय, त्यामुळे सरासरी फसवी आहे, आम्ही मीडियन, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येणारा आकडा, वापरला. एकदम बरोबर. आठव्या पानावर सकाळच्या आणि संध्याकाळच्या ओपीडीची तुलना केलीय आणि ती केलीय सरासरीने! पाच पानांपूर्वी जी गोष्ट फसवी म्हणून बाजूला टाकली तीच इथे निष्कर्षाला टेकू म्हणून उभी. बारावं पान "म्हणून संध्याकाळी स्टाफ वाढवावा" असं सांगून संपतं. सहा नावांचा रिपोर्ट, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणी वाचलाच नव्हता, ज्याने रात्री जागून जोडला त्यानेही नाही.

टीम बदलायचा निर्णय मी थांबवला आणि प्रत्येकाला पंधरा मिनिटांसाठी वेगळा कॉल लावला. पाच जण बोलले.

मंगळवारी दीड पान टाकणारी नर्स होती, रात्रपाळी करणारी, टीममध्ये वयाने सगळ्यात मोठी, बाकीचे तिला ताई म्हणायचे. ती म्हणाली, "मॅडम, यांची मीटिंग रोज रात्री नऊला. माझी ड्युटी आठला सुरू होते. मी दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं. माझा भाग मुदतीच्या आधी टाकला होता, तो कुठे गेला मला माहीत नाही." दुसरी एक अगदी शांत मुलगी, लाइव्ह क्लासमध्ये वर्षभर आवाज ऐकू येणार नाही अशी. तिला सरासरी-मीडियनचा घोळ दिसला होता. "मी सकाळी सातला वाचलं, पण त्याने रात्री दोनला फायनल केलेलं, आता मी काय बोलायचं." तिसऱ्याचं नेट इतकं खराब की मीटिंगमध्ये त्याला तुटक-तुटक ऐकू यायचं आणि तो "हो" म्हणत राहायचा. चौथीने कोणी न सांगता २० स्लाइड बनवल्या होत्या, कारण तिला वाटलं प्रेझेंटेशन पण आहे, आणि त्या कोणी उघडूनही बघितल्या नाहीत म्हणून ती सगळ्यांवर चिडलेली. आणि मेसेज पाठवणारा मुलगा, त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मॅडम, मला वाटलं मी नाही केलं तर सगळ्यांचे मार्क जातील." पाचही जण खरं बोलत होते आणि पाचही जणांना आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटत होतं. सहाव्याने ना फोन उचलला ना मेलला उत्तर दिलं, त्याच्याबद्दल शेवटी लिहिते.

आता यात आळशी कोण होतं? मी खूप शोधलं, सापडलं नाही. सापडलं ते एवढंच की मी त्यांना असं काम दिलं होतं जे वाटून घेता येतं. १२ पानं, सहा माणसं, दोन-दोन पानं. आणि वाटून घेता येण्यासारखं काम दिलं की माणसं ते वाटूनच घेणार, त्यात त्यांची चूक काय? एकमेकांशी बोलायची गरज फक्त दोनदा पडते, वाटताना आणि चिकटवताना. वर्गात निदान शेजारी बसलेले असतात, दुसऱ्याच्या वहीत डोकावता येतं, ऑनलाइनला ते पण नाही.

मॅक्स रिंगलमन नावाच्या फ्रेंच शेतकी इंजिनिअरने दोर ओढायचे प्रयोग केले होते, १९१३ मध्ये छापले गेले. एकट्याने ओढताना जेवढा जोर लागतो तो १०० धरला तर आठ जण मिळून ओढताना माणशी जोर निम्म्यावर, ४९ वर येतो. हा आकडा सगळे सांगतात आणि "बघा, माणसं अंग चोरतात" म्हणून पुढे जातात. पण यातला मोठा भाग रिंगलमनच्या मते आळसाचा नव्हता, तर सगळ्यांनी एकाच क्षणी ओढणं जमत नाही याचा होता. अंग चोरण्याचा भाग १९७० च्या दशकात वेगळा करून दाखवला गेला, १९७९ मध्ये लॅटाने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून त्याला "सोशल लोफिंग" नाव दिलं, आणि दोन वर्षांनी त्याच तिघांनी हेही दाखवलं की कोणाचा आवाज किती ते कळतंय असं वाटलं की लोक पुन्हा पूर्ण जोर लावतात. म्हणजे दोन वेगळे आजार आहेत, एक ताल न जुळण्याचा आणि एक आपलं काम दिसत नसल्याचा. टीम चारला दोन्ही होते, आणि दोन्हीवर माझं औषध एकच होतं, "टीमवर्क करा" असं सांगणं.

टीम-बेस्ड लर्निंग हा शब्द मी आधी ऐकलेला होता पण ग्रुपवर्कचंच भारी नाव समजत होते. तसं नाहीये. ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत बिझनेस शिकवणाऱ्या लॅरी मायकेलसन यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी हे बसवलं, जेव्हा त्यांचा ४० चा वर्ग अचानक १२० चा झाला आणि लेक्चर देणं हा एकच मार्ग राहिला असं सगळे म्हणत होते. त्यांनी उलटं केलं. आधी घरी वाचून यायचं, आल्या आल्या एकट्याने छोटी चाचणी, लगेच तीच चाचणी टीमने मिळून, मग ज्यावर टीमला हरकत आहे त्यावर पुस्तकातला पुरावा देऊन अपील, मग शिक्षकाने फक्त जिथे अडलंय तेवढंच शिकवायचं, आणि उरलेला सगळा वेळ टीमने खऱ्या प्रश्नावर निर्णय घ्यायचा. टीम पाच ते सात जणांची, शिक्षकानेच बनवलेली आणि शेवटपर्यंत तीच. आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे लांबलचक ग्रुप रिपोर्ट द्यायचाच नाही, कारण तो वाटला जातो. मी २० मार्कांना तेच दिलं होतं.

टीम शेवटपर्यंत तीच ठेवायची हे वाचून मी त्या मुलाला उत्तर लिहिलं, "टीम बदलणार नाही, काम बदलते. तीन आठवडे दे." त्याला ते आवडलं नाही. "ओके मॅडम" एवढंच आलं.

दुसरा रिपोर्ट होता तो मी रद्द केला. त्याचे मार्क तीन ठिकाणी लावले, एकट्याची चाचणी, टीमची चाचणी आणि निर्णयाचे प्रश्न. दर दोन आठवड्यांनी वाचायला ठरावीक पानं, मग एकट्याने १० प्रश्न १५ मिनिटांत, त्यानंतर टीमने तेच १० प्रश्न. टीमच्या चाचणीत महत्त्वाचं हे की उत्तर बरोबर की चूक ते तिथल्या तिथे कळलं पाहिजे. वर्गात त्यासाठी स्क्रॅच कार्ड वापरतात, खरवडलं की खाली चांदणी दिसली म्हणजे बरोबर. ऑनलाइनला मी क्विझचं सेटिंग बदललं, एकाच प्रश्नाला पुन्हा-पुन्हा प्रयत्न करता येतो, पहिल्या झटक्यात बरोबर तर चार मार्क, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक, मग शून्य. छोटंसं सेटिंग आहे पण सगळी जादू तिथे आहे, कारण ज्याचं ऐकून क्लिक केलं त्याचं चुकलं तर दोन सेकंदात सगळ्यांना दिसतं, आणि जी गप्प बसली होती तिचं बरोबर होतं हेही दिसतं. ते मला सांगावं लागत नाही.

पहिल्याच टीम चाचणीत टीम चारचं असं झालं. तिसऱ्या प्रश्नाला कोडिंगवाला "ब आहे, नक्की ब" म्हणाला, क्लिक केलं, चूक. "मग क", चूक. शांत मुलीने एकट्याच्या चाचणीत अ लिहिलं होतं आणि तेच बरोबर होतं. पाचव्या प्रश्नाला पुन्हा तेच. सातव्या प्रश्नाला क्लिक करायच्या आधी तो थांबला आणि म्हणाला, "तू काय लिहिलं होतंस?" मी त्या ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे टीमच्या वेगळ्या ऑनलाइन खोलीत, म्यूटवर बसले होते, आधी सांगून. पाच आठवड्यांत त्याने तिला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. मायकेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये २२२ गटांचे मार्क तपासले होते, त्यात ९७ टक्के गटांनी आपल्यातल्या सगळ्यात हुशार माणसापेक्षा जास्त मार्क मिळवले होते. मला हा आकडा आधी फार गोड वाटला होता, खरा वाटला तो त्या सातव्या प्रश्नाला.

निर्णयाचा जो प्रश्न सगळ्यात चांगला चालला तो सविस्तर सांगते, कोणाला वापरायचा असेल तर जरूर वापरा.

१९८६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये किडनी स्टोनच्या उपचारांची तुलना आली होती. एक पद्धत ओपन सर्जरी, दुसरी पाठीतून छोटं छिद्र पाडून खडा काढायची. मी आधी फक्त एकूण आकडे दिले. ओपनमध्ये ३५० पैकी २७३ यशस्वी, म्हणजे ७८ टक्के. छिद्राच्या पद्धतीत ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. प्रश्न, फक्त यशाचं प्रमाण बघायचंय, बाकी खर्च-त्रास सोडा, तर कुठली सुचवाल? सात टीम म्हणाल्या छिद्राची, एक म्हणाली सांगता येणार नाही.

मग दुसरा कागद. लहान खडा असेल तर ओपन ८७ पैकी ८१, म्हणजे ९३ टक्के, आणि छिद्राची २७० पैकी २३४, म्हणजे ८७ टक्के. मोठा खडा असेल तर ओपन २६३ पैकी १९२, ७३ टक्के, आणि छिद्राची ८० पैकी ५५, ६९ टक्के. म्हणजे लहानातही ओपन पुढे, मोठ्यातही ओपन पुढे, आणि एकत्र केलं की मागे. आता प्रश्न असा, नवीन पेशंट आलाय, खड्याचा आकार अजून माहीत नाही. कुठली सुचवाल? अ ओपन, ब छिद्राची, क दोन्ही सारख्याच, ड या आकड्यांवरून सांगता येत नाही. एकच अक्षर निवडायचं, वीस मिनिटं.

टीम चारच्या खोलीत पहिली पाच मिनिटं कोडिंगवाला बोलत होता. त्याने दोन मिनिटांत स्क्रीनवर बेरजा करून दाखवल्या की आकडे बरोबर जुळतायत, गडबड कुठे नाही. मग म्हणाला, "आकार माहीतच नाही ना, मग एकूणचाच आकडा बघायचा, म्हणजे ब." ऐकायला अगदी पटतं. नर्स त्या वेळी ड्युटी संपवून बसमध्ये होती, इअरफोनचा माइक चालत नव्हता म्हणून ती टाइप करत होती. चॅटमध्ये तिची ओळ आली, "मोठा खडा असला की सर्जन आधीच ओपन ठरवतात. दोन्हीकडे पेशंट सारखे विभागलेच नाहीत." तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, वर-खाली दोन मेसेज येऊन ती ओळ सरकली पण. आणि शांत मुलीने अनम्यूट केलं. "ताई काय लिहितायत ते बघा ना."

मग पाचही जण परत टेबलकडे वळले. ओपनच्या ३५० पैकी २६३ मोठे खडे, छिद्राच्या ३५० पैकी फक्त ८०. अवघड केसेस एका बाजूला, सोप्या दुसऱ्या बाजूला. खराब नेटवाला म्हणाला, "म्हणजे ओपनला अवघड पेपर दिला आणि मार्क सोप्या पेपरवाल्याशी लावून बघितले." मी हे उदाहरण तेव्हापासून प्रत्येक बॅचला त्याच्या शब्दांत सांगते. कोडिंगवाला तरी अडून होता, "पण आकार माहीत नाहीये!" आणि शांत मुलगी म्हणाली, "लहान असला तरी अ, मोठा असला तरी अ. मग माहीत नसला म्हणून ब कसं होईल?"

दहा-पंधरा सेकंद कोणी बोललं नाही. मग त्यानेच अ लिहिलं.

या सगळ्यात वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. आकडे जुळवणं एकाला येत होतं, आकडे असे का आले ते दुसरीला माहीत होतं आणि तर्क तिसरीने लावला, पण शेवटी अक्षर एकच द्यायचं होतं. सिम्प्सन्स पॅराडॉक्स असं याचं नाव आहे हे मी शेवटी सांगितलं, आधी सांगितलं असतं तर सगळे शोधायला गेले असते आणि बोलणं बंद पडलं असतं.

उत्तरं दाखवायची पद्धतही महत्त्वाची. आठही टीमनी मेन रूममध्ये परत येऊन चॅटमध्ये आपलं अक्षर टाइप करून ठेवायचं पण एंटर दाबायचं नाही, मी तीन-दोन-एक म्हटलं की एकदम दाबायचं. एकामागून एक विचारलं की तिसऱ्या टीमपासून सगळ्या पहिलीचं उत्तर उचलतात. त्या दिवशी पाच अ, दोन ब, एक ड आली, आणि जे भांडण झालं ते मी थांबवलं नाही. ड म्हणणाऱ्या टीमचा मुद्दा होता की ९३ आणि ८७ मधला फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. मुद्दा एकदम रास्त होता. मी त्यांना मार्क दिले आणि पुढच्या युनिटची सुरुवात तिथूनच केली.

सगळं असंच छान गेलं असं मात्र नाही. नर्सच्या आणि तिच्यासारख्या बाकीच्यांच्या वेळेचा प्रश्न होताच, म्हणून सुरुवातीला मी टीम चाचणीला तीन दिवसांची मुदत दिली होती, त्यात टीमने आपल्या सोयीने ४५ मिनिटं कधीही बसावं. दुसऱ्याच फेरीत एका टीमने १० प्रश्न चार मिनिटांत सोडवले, एकही चुकीचं क्लिक नाही. उत्तरं फुटली होती. मी कोणावर आरोप केला नाही, पण पद्धत बदलली, दोन ठरलेल्या वेळा, रविवार सकाळ आणि बुधवार दुपार, दोन्हींना वेगळे प्रश्न, टीमने एक निवडायची. वेगळे प्रश्न म्हणजे माझं काम दुप्पट झालं आणि अजूनही आहे. पूर्ण असिंक्रोनस, म्हणजे प्रत्येकाने आपल्या वेळेला लिहून चर्चा करायची, असंही लोक करतात आणि टाइम झोन फारच लांब असतील तर दुसरा उपाय नाही, पण मी एका युनिटला करून बघितलं तर जे बोलणं वीस मिनिटांत होतं त्याला चार दिवस लागले आणि चौथ्या दिवशी पहिल्या दिवशीचं कोणाला आठवत नव्हतं. माझं मत अजून तरी लाइव्हच्याच बाजूने आहे, मग ते दोन आठवड्यांतून एकदाच का होईना.

एकमेकांना मार्क देण्याचा प्रकारही पहिल्यांदा फसला. प्रत्येकाने टीममधल्या बाकीच्यांना मार्क वाटायचे असं सांगितलं तर सगळ्यांनी सगळ्यांना सारखे वाटले. मायकेलसन यांच्या पद्धतीत सारखे मार्क द्यायला बंदी असते, मी ती सक्ती केली नाही, एकमेकांना धड ओळखतही नसलेल्या माणसांकडून ती करून घेणं मला योग्य वाटलं नाही. त्याऐवजी निनावी दोन वाक्यं मागितली, या माणसाच्या कोणत्या गोष्टीचा तुला उपयोग झाला आणि त्याने काय बदलावं. मधल्या फेरीला मार्क नाहीत, शेवटच्याला आहेत. कोडिंगवाल्याबद्दल चार जणांनी चार वेगवेगळ्या शब्दांत एकच लिहिलं होतं, तुझ्यामुळे आम्ही पास होतोय पण दुसऱ्याचं लिहिलेलं पुसायच्या आधी विचार. मी ते त्याला जसंच्या तसं पाठवलं. दोन दिवस उत्तर नव्हतं. मग त्याने ताईंचं ते जुनं दीड पान व्हर्जन हिस्टरीतून शोधून टीमच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "सॉरी ताई, हे वाचलंच नव्हतं मी. यातला दुसरा पॅरा माझ्यापेक्षा बरा आहे." हे मला नर्सने कळवलं, त्याने नाही.

आता सहावा. त्याच्यापर्यंत मी सातव्या आठवड्यात पोचले, ऑफिसातून त्याच्या घरचा नंबर मिळवून. तोपर्यंत त्याने कोर्स सोडायचा अर्ज भरला होता. झालं असं होतं की टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपची लिंक पहिल्या लाइव्ह क्लासच्या चॅटमध्ये टाकली गेली, तो त्या दिवशी नव्हता, आणि क्लास संपला की चॅट गायब. दुसऱ्या आठवड्यात त्याने एलएमएसच्या, म्हणजे कोर्स ज्या ऑनलाइन सिस्टिमवर चालतो तिच्या, आतल्या इनबॉक्सवर मला लिहिलं होतं, "मॅडम, माझी टीम कोणती आणि त्यांच्याशी बोलायचं कुठे?" तो इनबॉक्स मी उघडतच नव्हते, सगळा कारभार मेलवर चालतो म्हणून. टीममधल्या पाच जणांना वाटलं तो आळशी आहे, मलाही वाटलं. फोनवर मी माफी मागितली, तो म्हणाला, "नाही मॅडम, मलाच दुसऱ्यांदा विचारायला लाज वाटली." अर्ज त्याने मागे घेतला नाही. मी आग्रह केला, पण सात आठवड्यांचं राहिलेलं भरून काढणं त्याला नोकरी सांभाळून शक्य नव्हतं आणि ते त्याचं बरोबरच होतं.

आता टीम मी स्वतः बनवते. पहिल्या दिवशी चार प्रश्नांचा फॉर्म, कामाच्या वेळा काय, गणिताशी आधी संबंध किती, क्लास फोनवरून करणार की लॅपटॉपवरून, आठवड्यात कोणते दोन तास नक्की मोकळे. निदान एक तास सगळ्यांचा जुळतो का ते आधी बघते, मग नोकरीचा अनुभव असलेले आणि गणित पक्कं असलेले सगळ्या टीममध्ये विखुरते, आणि कोणाला कुठे का टाकलं ते सगळ्यांना सांगते. पहिली चाचणी टीमला तेव्हाच उघडते जेव्हा सहाही जणांनी, प्रत्येकाने स्वतःच्या लॉगिनवरून, टीमच्या पानावर एक ओळ लिहिलेली असते. पाच झाल्या आणि सहावी नसेल तर ती उघडत नाही, आणि मग बाकीचे पाच जण दुसऱ्याच दिवशी मला विचारतात, "मॅडम, आमचा सहावा कुठे आहे?" एलएमएसचा इनबॉक्स रोज सकाळी बघते.